पिल्लू देताना, पिल्लू घेताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. सकाळचे नऊ वाजले असतील. आम्ही वर्तमानपत्र घेऊन दारात बसलो होतो. समोरच्या इमारतीतला, सातवीत शिकणारा मुलगा चपलांचा खोका छातीशी धरून जिना चढून आला. खोक्याला पेनाने भोके पाडलेली होती. आम्हाला वाटले, शाळेचा काहीतरी प्रकल्प असेल. त्याने झाकण उघडले तर आत गिनीपिगची तीन पिल्ले! एक पांढरे, एक तपकिरी आणि एक दोन्ही रंगांचे. तिन्ही एकमेकांच्या अंगाखाली शिरण्याची धडपड करीत होती.

"काका, आई म्हणाली, नाल्याकडच्या गवतात सोडून ये. पण तिथे मांजरं आहेत. तुम्ही ठेवून घ्याल?"

आमच्या घरी सहा वर्षांपासून गिनीपिग आहेत, हे वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तो आमच्याकडे आला. "किती दिवसांची झाली रे?" आम्ही विचारले. त्याने बोटे मोजली आणि सांगितले, "दहा."

आम्ही खोका ठेवून घेतला नाही. पायांत चप्पल सरकवली आणि त्याला घेऊन त्याच्याच घरी गेलो.

वाचकहो, त्या माउलीला निर्दय ठरवण्याची घाई करू नका. एक खोली, पाच माणसे, सासूबाईंची खाट आणि खिडकीपाशी शिलाई मशीन. त्या मशीनवरच त्यांच्या घरातला अर्धा खर्च चालतो. आम्हाला पाहताच त्या म्हणाल्या, "भाऊ, पोराच्या हट्टापायी दोन आणले. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. आता पाच झाले. माणसांना पाय पसरायला जागा नाही, यांना कुठं ठेवू?"

ताईंचे म्हणणे खोटे नव्हते. आणि आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने उपदेश करणार? सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्या घरात, आमच्या पत्नीच्या तोंडून आम्ही ऐकले होते. तेव्हा आम्ही जे केले ते नाल्याकाठी सोडून येण्यापेक्षा फार वेगळे नव्हते. आजचा लेख त्याचसाठी लिहीत आहोत.

आमची चूक

आमची धाकटी तेव्हा चौथीत होती. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून तिला दोन गिनीपिग आणून दिले. दुकानदाराने आम्हालाही "दोन्ही माद्या" असेच सांगितले होते. दोन महिने झाले आणि एका सकाळी पिंजऱ्यात तीन पिल्ले दिसली. घरात आनंदीआनंद! पण आठवडा उलटला तशी जागेची चणचण जाणवू लागली. कार्यालयातल्या आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा सहावीत होता. त्याला पिल्लू हवे होते. आम्ही बारा दिवसांचे एक पिल्लू मिठाईच्या खोक्यात घातले, लोकलच्या गर्दीतून कार्यालयात नेले आणि सहकाऱ्याच्या हाती दिले. "काय खातं?" त्यांनी विचारले. "काहीही खातं हो," आम्ही म्हणालो आणि फाइल उघडून बसलो.

नवव्या दिवशी ते पिल्लू मेले.

पुढे सर्व हकिकत कळली. त्या मुलाने पिल्लाला जिवापाड जपले होते. स्वतःच्या वाटचे दूध आणि त्यात भिजवलेले बिस्किट तो त्याला भरवीत होता. पिल्लाला जुलाब सुरू झाले. घरात धाकट्या बहिणीचे, जंतुसंसर्गावरचे औषध उरले होते. त्याच्या आईने त्यातले दोन थेंब मायेनेच पाजले. आम्ही नंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "पेनिसिलिनच्या जातीची औषधं या प्राण्याला पोटातून दिली तर ती विषासारखी ठरतात. चारा पचवणारे त्याच्या आतड्यातले उपकारक जंतूच त्या औषधाने मरतात."

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो मुलगा दाराआड उभा होता. त्याने एवढेच विचारले, "काका, मी मारलं का त्याला?"

आम्ही "नाही रे बाळा" म्हणालो, चहा घेतला आणि निघून आलो. खरे उत्तर द्यायचे धैर्य तेव्हा झाले नाही. औषधाच्या दुकानात साध्या गोळ्या घेतल्या, तरी दुकानदार सकाळ-संध्याकाळचे सांगतो. आम्ही एक जीव दुसऱ्याच्या हाती दिला आणि सांगितले काय, तर "काहीही खातं."

जोडीचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा गिनीपिगच्या एका नर-मादी जोडीचा हिशेब मांडू.

मादी साधारण ५९ ते ७२ दिवसांत विते. एका वेळी दोन ते चार पिल्ले होतात, कधी एकच, तर कधी त्याहून अधिक. खरी मेख पुढेच आहे. वीण झाल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर त्याच पिंजऱ्यात असला तर एक खेप अंगावर पीत असताना दुसरी पोटात वाढू लागते. दर ६८ दिवसांना एक वीण आणि प्रत्येक विणीत तीन पिल्ले धरली, तर वर्षाला पाच विणी आणि पंधरा पिल्ले झाली! यात लेकींच्या पोटची पिल्ले धरलेलीच नाहीत. माद्या चार-पाच आठवड्यांतच गाभण राहू शकतात आणि नर पिल्ले तीन आठवड्यांपासून त्या मार्गाला लागू शकतात. भाऊ, बहीण, आई हे नाते त्यांना कळत नाही.

या हिशेबात आईची तब्येत कुठेच जमेला धरली जात नाही. लागोपाठच्या विणींनी ती खंगून जाते. शिवाय जी मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायलेली नाही, तिच्या कमरेची हाडे घट्ट जुळून येतात आणि त्यानंतरचे पहिले बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकते. म्हणून "एकदा पिल्लं होऊ द्या, मुलांना गंमत वाटेल," हा विचार सोडून द्यावा. पाळायचे असतील तर दोन माद्या किंवा दोन नर पाळावेत. नर-मादी ओळखणे नवख्याला जमत नाही, आणि दुकानदारालाही जमतेच असे नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. जिल्ह्यात आणि तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात.

हा हिशेब आम्ही ताईंना कागदावर मांडून दाखवला. त्या हबकल्याच. त्याच सकाळी आम्ही दोन कामे केली. तिन्ही पिल्ले आईजवळ परत ठेवली, कारण दहा दिवसांच्या पिल्लाला आईच हवी. आणि नराला उचलून आमच्या घरी आणले. पण दहा दिवस तो मादीसोबत होता. उशीर झालेला असण्याचा संभव होता, आणि तो झालेलाच होता. ते पुढे येईलच.

हा प्राणी कोण?

मोर्चात आपण "आम्ही गिनीपिग नाही" असे ऐकतो. आपल्यावर कोणी परवानगी न घेता प्रयोग करीत असेल तेव्हा हा शब्द वापरतात. तो वापरताना खऱ्या गिनीपिगची आठवण मात्र कोणाला होत नाही. हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला, म्हणजे आजच्या पेरू-बोलिव्हियाकडचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळवला आणि तिथे आजही तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथे घराघरांतला लाडका प्राणी झाला.

प्रयोगशाळेतही त्याला राबवले गेले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, त्या कामात त्यांनी गिनीपिग वापरले होते. क्षयाने आपल्या किती वस्त्यांमधली माणसे नेली, हे आम्ही वेगळे सांगायला नको. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघा संशोधकांनी गिनीपिगना नुसते धान्य खाऊ घातले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाली. या रोगात हिरड्यांतून रक्त येते, सांधे सुजतात आणि शेवटी प्राण जातो. ताजा भाजीपाला दिला की तो टळतो, हेही त्यांना दिसले. यातूनच पुढे 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली.

याचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कुत्रा, मांजर, गाय, उंदीर यांचे शरीर 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही जमत नाही. एवढ्या एका बाबतीत तो आपला भाऊबंदच आहे. उंदराला नुसत्या दाण्यावर ठेवले तर तो निभावून नेईल, गिनीपिग नेणार नाही. त्या मुलाने दिलेले दूध-बिस्किट का चालले नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

काय खाऊ घालावे?

गिनीपिगचे मुख्य अन्न गवत. त्याच्या आहारातला ऐंशी टक्के भाग गवताचा असावा. हिरवे चालते, वाळलेले तर समोर सतत हवेच. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावूनच ते झिजतात. गवत नसेल तर दात वाढून तोंडात रुततात आणि भरल्या ताटासमोर तो उपाशी मरतो. आमच्याकडे स्टेशनबाहेर गवताच्या पेंढ्या विकणारी एक बाई बसते. तिच्याकडची एक पेंढी आम्ही आणतो, थोडी हिरवी देतो आणि उरलेली सावलीत दोरीवर वाळवतो. हरळी चांगली. पण रस्त्याच्या कडेचे, कुत्री मुततात तिथले किंवा औषध फवारलेले गवत आणू नये. पावसाळ्यात ओल्या गवताचा ढीग करून ठेवला तर तो आतून तापतो. तसले गवत खाऊन पोट फुगते. झटकून, पसरून मगच द्यावे.

'क' जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची उत्तम. मोठ्या गिनीपिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मादीला ते जास्त लागते. ढोबळी मिरचीची दोन बोटे रुंदीची फोड आणि थोडी कोथिंबीर रोज दिली की काम भागते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर नासते, तेव्हा ते खाण्यातूनच मिळावे. पावसाळ्यात भाजलेली कणसे विकणारे मक्याची हिरवी साले टाकून देतात. ती मागून आणावीत. गिनीपिग ती आवडीने खातात आणि आपला एक पैसाही खर्च होत नाही. फ्लॉवरचा पाला थोडा चालतो, जास्त झाला तर पोट फुगते. गाजर, फळ अधूनमधून. पालक रोज नको, मुतखड्याची भीती असते.

कांदा, लसूण, बटाटा, कच्च्या डाळी, चपाती, भात, पाव, बिस्किट, दूध, फरसाण यांतले काहीही देऊ नये. पाण्याचे भांडे जड, चिनी मातीचे असावे, म्हणजे ते कलंडत नाही. पाणी रोज बदलावे. तो स्वतःच्या लेंड्या खाताना दिसला तर मुलांनी किळस करू नये. एका जातीच्या मऊ लेंड्या पुन्हा खाऊनच त्याला त्यातली पोषकद्रव्ये मिळतात.

एका खोलीत घर कसे करावे?

"आमच्याकडे जागा कुठे?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. दोन गिनीपिगना साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते. दुकानातला रंगीत तारेचा लहानसा पिंजरा त्यांना पुरत नाही, आणि त्याच्या जाळीदार तळाने त्यांचे पाय सोलवटून पिकतात. आम्ही फळबाजारातून लाकडी खोके आणले, त्यांच्या फळ्यांचा दीड फूट उंचीचा चौकोन ठोकला, तळाला जुने रेक्झिन आणि त्यावर वर्तमानपत्र व भाताचा पेंढा घातला. तो खाटेखाली बसतो. सुताराकडचा बारीक भुसा वापरू नये, तो नाकात जातो. लपायला पुठ्ठ्याचा खोका हवाच. लपायला जागा नसली की हा भित्रा प्राणी सतत धास्तावलेला राहतो.

वरून जाळीचे झाकण अत्यावश्यक. ते आतल्यांनी पळू नये म्हणून नाही, ते बाहेरच्यांसाठी. मांजर, घूस, उंदीर यांनी आत शिरू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा जंतू पसरतो, हे मुंबईकरांना दर पावसाळ्यात ऐकायला मिळते. तेव्हा उरलेला पाला रात्री काढून टाकावा आणि पेंढा दोन-तीन दिवसांनी बदलावा.

उन्हाळा हा सर्वांत मोठा शत्रू. हा थंड डोंगरांतला प्राणी. पारा तिशीपुढे गेला की त्याला त्रास होतो. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी तो उष्माघाताने मरू शकतो. उन्हात किंवा गॅलरीत कधीही ठेवू नये. फरशीवर, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा, बाजूला ओले गोणपाट टांगावे आणि आत एक फरशीचा तुकडा ठेवावा. तो आपणहून त्यावर जाऊन पसरतो.

मुलांनी त्याला उचलताना दोन्ही हात वापरावेत. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. आणि जमिनीवर बसूनच घ्यावे. उभ्याने घेतला आणि हातातून निसटला, तर हाड मोडते. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत. याच्या अंगावरचा नायटा मुलांना लागू शकतो.

आजार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे खाणे. गिनीपिगने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर उद्यावर ढकलू नये. नाकाला चिकटा, धापा, जुलाब, केस गळून सतत खाजवणे, चालताना ओरडणे, यांपैकी काही दिसले तरी डॉक्टर गाठावा. आणि माणसांचे औषध? एक थेंबही नाही. हे वाक्य आम्ही फार महागात शिकलो आहोत.

पिल्लांचे वेळापत्रक

गिनीपिगचे पिल्लू उंदराच्या पिल्लासारखे उघडे-नागडे जन्मत नाही. अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात, आणि काही तासांत ते धावू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गवताची काडी चघळते. यामुळेच माणसाची फसगत होते. पिल्लू खाऊ लागले, म्हणजे आईची गरज संपली, असे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. पण पहिले तीन आठवडे आईचे दूध हवेच. आईला थाने दोनच असतात. पिल्ले तीन-चार असली तर आळीपाळीने पितात, आणि अशक्त पिल्लू मागे पडते. त्याच्याकडे लक्ष ठेवावे. स्वयंपाकघरातल्या तराजूवर दर दोन दिवसांनी वजन करून लिहून ठेवावे. वजन वाढत असेल तर काळजी नाही.

तीन आठवडे पूर्ण झाले की नर पिल्ले आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीत. यात एका दिवसाचाही आळस नको. त्यांना बापाजवळ ठेवता येते, बहुधा तो सांभाळून घेतो. पण पहिले काही तास नजर ठेवावी. घर बदलायचे असेल तर पाच-सहा आठवड्यांचे झाल्यावर. या दिवसांत पिल्लू थोरांकडून खाणे, लपणे, हाक देणे शिकते. पिशवीचा आवाज आला की सगळी एका सुरात "कुई कुई" करतात. खुशीत आली की जागच्या जागी उड्या मारतात. ते पाहिले की दिवसभराचा शीण जातो.

आणि पिल्लू एकटे कधीही देऊ नये. हा कळपातला प्राणी आहे. एकटे पिल्लू कुढते, खाणे सोडते. दोन बहिणी किंवा दोन भाऊ द्यावेत, नाहीतर ज्या घरी आधीचा एक असेल तिथे द्यावे.

आवक-जावक वही

हल्ली मोबाइलवर पिल्लांचा फोटो टाकला की अर्ध्या तासात दहा मागण्या येतात. तिथेच सावध राहावे. फुकट मिळते म्हणून नेलेली वस्तू माळ्यावर जाते. जिवाचे तसे होऊ नये. आम्ही कारकून माणूस. कार्यालयात साधा कागद बाहेर गेला तरी त्याची जावक नोंद होते. मग जिवंत पिल्लाची का नको? आम्ही दोनशे पानी वही केली. पिल्लाची जन्मतारीख, नर की मादी, रंग, वजन, कोणाच्या घरी गेले, कधी गेले, हे सर्व त्यात लिहितो. आणि पिल्लू देण्यापूर्वी पाच गोष्टी विचारतो:

घरातल्या मोठ्या माणसांची संमती आहे का? मूल हट्ट करते, पण पेंढा बदलण्याचे काम बहुधा आईच्याच वाट्याला येते. तिला विचारले आहे का?

हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. आज पाचवीतले मूल तोवर दहावी-बारावीला जाईल. तेव्हा कोण पाहील?

गवत आणि ढोबळी मिरची रोज आणणार कोण?

मे महिन्यात गावी जाता, तेव्हा कोणाकडे ठेवाल?

आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात न्याल?

पहिल्या भेटीत आम्ही पिल्लू देत नाही. आधी त्यांना घरी बोलावतो, पिंजरा साफ करायला लावतो. जे दुसऱ्यांदा येतात, त्यांनाच देतो. सोबत आठवड्याचे गवत आणि हाताने लिहिलेला कागद देतो, आणि शेवटी एक वाक्य बजावतो, "नाहीच जमलं तर सोडून देऊ नका, आमच्याकडे परत आणा. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही." हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. माणसे लाजेपायी प्राणी सोडून देतात. हजारो वर्षे माणसाच्या घरात वाढलेला हा प्राणी मोकळ्यावर एक रात्र काढू शकत नाही. कावळा, कुत्रा, मांजर, कोणीतरी त्याला गाठतेच. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. तसेच २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी सक्तीची आहे आणि त्या नियमांत गिनीपिगचा नावानिशी उल्लेख आहे. दुकानात गेल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये.

जमाखर्च

आता त्या चपलांच्या खोक्यातल्या पिल्लांचे काय झाले, ते सांगतो. तिघांत दोन नर आणि एक मादी निघाली. तीन आठवड्यांनी दोन्ही नर आमच्याकडे आले. एका गृहस्थांना मुलाच्या वाढदिवसाला "सरप्राइज" म्हणून एक पिल्लू हवे होते. आम्ही हात जोडले. दोघे भाऊ डिसेंबरात एका बस वाहकाच्या घरी गेले. त्या घरातल्या आजीने आम्हाला आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले, तेव्हाच आमची खात्री पटली. मादी आपल्या आईजवळच राहिली.

भीती होती तसेच झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताईंच्या घरी मादी पुन्हा व्यायली. दोन पिल्ले झाली, एक नर, एक मादी. पण आता घर घाबरले नव्हते. शिलाई मशीनच्या खाली लाकडी चौकट बसली होती आणि सातवीतला तो मुलगा वजने लिहीत होता. नर पिल्लू तीन आठवड्यांनी आमच्याकडे बापाच्या सोबतीला आले. मादी पिल्लू योग्य वयाची झाल्यावर पलीकडच्या वसाहतीत, एकट्या पडलेल्या एका मादीच्या सोबतीला गेली. खाते मिटले. ताई परवा म्हणाल्या, "भाऊ, पोरगा हल्ली न सांगता सकाळी उठतो. गवत आणायचं असतं."

एक नोंद मात्र सहा वर्षे बाकी होती. या निमित्ताने आम्ही त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. मुलगा आता बारावीत आहे, आमच्यापेक्षा वीतभर उंच. आम्ही त्याला सांगितले, "बाळा, तू विचारलं होतंस ना, मी मारलं का म्हणून? चूक आमची होती. आईपासून लवकर तोडलं, एकटं दिलं, आणि काय खाऊ घालायचं ते सांगितलं नाही. तू तर त्याला जपलंस."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मला इतकी वर्षं वाटायचं, बिस्किटामुळेच."

आम्हाला भरून आले. काहीतरी भरपाई करावी म्हणून आम्ही म्हणालो, "पुढंमागं कुठे चांगली जोडी असली तर तुला आणून देऊ का?"

तो हसला. म्हणाला, "आत्ता नको काका. बारावी आहे, क्लासेस आहेत. मला त्यांच्याकडे नीट बघता यायचं नाही."

आमच्या वहीतल्या पाच प्रश्नांना इतके चोख उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. ज्याला असे उत्तर देता येते, त्याच्या घरी उद्या पिल्लू निर्धास्तपणे द्यावे. आणि ज्याला ते देता येत नाही, त्याने पिल्लू घेण्याआधी थोडे थांबावे, एवढीच आमची विनंती.